पत्रे टाकण्याआधीची तपासणी: चोपडा तालुक्यातल्या एका छपराचं प्रकरण

चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं एक गाव. मे महिना संपता संपता एका दुपारी सातपुड्याकडून काळं आभाळ चढलं, थोडा वेळ जोराचं वावधन सुटलं आणि एका शेतकऱ्याच्या घराचं मागचं छप्पर पाईपांसकट उचललं जाऊन शेजारच्या केळीत जाऊन पडलं. घरातली माणसं तेव्हा पुढच्या खोल्यांत होती म्हणून वाचली. वर्षभर ताडपत्रीवर काढल्यावर त्यांनी त्याच जागी नवं छप्पर घातलं. या वेळी छप्पर घालणाऱ्याशी कसलंही देणंघेणं नसलेला तपासणीस त्यांनी वेगळा नेमला, त्याची फी स्वतः दिली आणि त्याने पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही असं ठेकेदाराकडून लिहून घेतलं. तो तपासणीस मी होतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि जळगाव जिल्ह्यातच काम करतो.

खानदेशात पत्रे उडणं नवं नाही. रावेर, यावल, चोपड्यात केळी आडवी झाल्याची बातमी येते, तिच्याच शेवटच्या दोन ओळींत ‘काही घरांवरील पत्रे उडाले’ असं छापलेलं असतं. लोक म्हणतात, वारंच तसं होतं. उडालेली छपरं जवळून पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. बहुतेक ठिकाणी वाऱ्याला एखादा कच्चा सांधा सापडलेला असतो. तो सांधा काम चालू असताना उघडा असतो, पत्रे पडले की कायमचा झाकला जातो. तो पाहायची वेळ एकच असते आणि त्या वेळी पाहणारा माणूस ठेकेदाराच्या पैशावर आलेला नसावा. या घरात हे कसं झालं, कुठे अडलं आणि काय राहून गेलं, ते इथे सविस्तर मांडतो.

घर आणि आधीचं छप्पर

घर दोन काळांतलं आहे. पुढचा भाग जुना, धाब्याचा. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या कड्या, वर मातीचा थर आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर टाकायची खारी, म्हणजे खारवट माती. फूटभर जाडीचं मातीचं धाबं दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. त्याला वारा उचलू शकत नाही. धाबं गळतं, कड्यांना वाळवी लागते, दर वर्षी खारी टाकायला माणूस मिळत नाही, म्हणून गावोगावी धाबी गेली आणि पत्रे आले. पत्रा मात्र दर चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. छपराचं वजन शंभरपटीने उतरलं आणि छप्पर जागेवर धरून ठेवायची सगळी जबाबदारी बोल्ट, स्क्रू आणि वेल्डिंगवर आली. हा बदल आपल्याकडे फार मुकाट्याने झाला. धाबं बांधणाऱ्या गवंड्याला छप्पर खाली कसं येईल याची काळजी करावी लागायची, वर कसं जाईल याची नाही. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला ही दुसरी काळजी कोणी शिकवलीच नाही.

मागचा भाग पंधरा वर्षांपूर्वी बांधलेला: तीस बाय वीस फुटांचा हॉल, सिमेंटमधली नऊ इंची विटांची भिंत, वर दुपाखी पत्रे. वीस फूट रुंदीवर लोखंडी पाईपांच्या चार कैच्या, म्हणजे छपराला आधार देणारे त्रिकोणी सांगाडे, त्यांवर आडवे पाईप, त्यांवर पत्रे. कैच्यांची टोकं भिंतीवर चार इंची प्लेटांवर टेकवलेली आणि प्लेटा वरच्याच थरातल्या विटांत फास्टनर, म्हणजे भोक पाडून ठोकायचे बोल्ट, ठोकून बसवलेल्या. पत्र्यांवर ठिकठिकाणी नदीतले गोटे ठेवलेले.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उडालेला सांगाडा खळ्यात ओढून ठेवला होता. पत्रे बऱ्याच ठिकाणी पाईपांना धरूनच होते. प्लेटांखाली फास्टनर होते आणि फास्टनरांभोवती विटांचे तुकडे अजून चिकटलेले. घरमालक आबा अहिराणीत म्हणाले, “पत्रा ग्यात ते ग्यात, पन भीतबी लई ग्यात.” म्हणजे पत्रे गेले ते गेले, भिंतही घेऊन गेले. छप्पर कशाने उडालं, ते त्या एका वाक्यात आलं होतं. पत्र्याने पाईप सोडला नव्हता, कैचीने प्लेट सोडली नव्हती. सगळ्यात वरच्या दोन थरांच्या विटाच भिंतीतून सुटल्या. एका विटेचं वजन साधारण तीन किलो. त्या विटेत फास्टनर कितीही घट्ट बसवला तरी आजूबाजूच्या दोन-चार विटांचा भार आणि जुना मसाला, एवढीच काय ती पकड.

वारा किती जोर लावतो

हा हिशोब आबांना आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला मी कागदावर करून दाखवला. इथेही देतो, कारण आकडा डोळ्यांसमोर आला की वाद कमी होतात.

वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक म्हणजे आय.एस. 875, भाग 3. त्याची सध्याची आवृत्ती 2015 ची. देशाचे त्यात वाऱ्याच्या वेगानुसार पट्टे पाडले आहेत, 33 पासून 55 मीटर प्रतिसेकंदापर्यंत. नाशिकला 39, मुंबईला 44. या घराच्या हिशोबाला मी 39 धरले, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. हा वेग तीन सेकंदांच्या झोताचा असतो, तासभर टिकणाऱ्या वाऱ्याचा नाही. आपल्याकडचं वादळ ‘दहा मिनिटांचं’ म्हणून हलकं धरायचं नाही ते यासाठी. छपराला एक झोत पुरतो.

उघड्या शिवारातल्या ठेंगण्या घरावर या वेगाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 93 किलो होतो. दुपाखी, कमी उताराच्या छपरावरून वारा जाताना तो छपराला खाली दाबत नाही, वर ओढतो. वाऱ्याकडच्या पाखीवर ही ओढ दाबाच्या सव्वापट, पलीकडच्या पाखीवर निम्म्याहून कमी, कडांना आणि कोपऱ्यांना त्याहून बरीच जास्त. त्यात घराच्या आतून वर ढकलणारा दाब मिळवायचा. दारं-खिडक्या लहान असतील तर मानक तो दाबाच्या 0.2 पट धरायला सांगतं, मोठी उघडी तोंडं असतील तर 0.7 पट. आता मे महिन्यात आपल्याकडचं घर डोळ्यांसमोर आणा. उकाड्याने अंगणाकडचं दार सताड उघडं असतं. वारा त्या दारातून आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो, वरून ओढ चालूच असते.

दारं-खिडक्या लावलेल्या आहेत, म्हणजे आतला दाब 0.2 पटच आहे असं धरूनही सहाशे चौरस फुटांच्या या छपरावर एकूण ओढ पाच टनांच्या घरात येते. पत्रे आणि पाईप मिळून छपराचं स्वतःचं वजन जेमतेम पाऊण टन. मधल्या कैचीच्या वाऱ्याकडच्या एकेका प्लेटला झोताच्या वेळी सुमारे एक टन धरून ठेवावा लागतो. आणि ती प्लेट होती दोन विटांच्या भरवशावर.

गोट्यांचंही सांगून टाकतो. दहा फुटी पत्र्यावर तीनशे किलोची ओढ येते, त्यावर ठेवलेला गोटा वीस-पंचवीस किलोचा. तो पत्र्याला थांबवत नाही. पत्रा उचलला की गोटा घरंगळतो आणि खाली माणूस असला तर त्याच्या डोक्यात पडतो. पत्र्यावरून दगड काढा, असं मी प्रत्येक घरी सांगतो आणि ते ऐकवणं सगळ्यात अवघड जातं.

करारातली तीन कलमं

मुलाने तालुक्याच्या गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून अंदाज घेतला होता. चौरस फुटाचा दर, त्यात पाईप, पत्रा, मजुरी. पट्टा, बोल्ट, वेल्डिंगची लांबी, स्क्रू किती अंतरावर, यांतलं काहीही कागदावर नव्हतं. यात त्या माणसाला दोष देणं मला रास्त वाटत नाही. गिऱ्हाईक दहा ठिकाणी चौरस फुटाचा दर विचारतं आणि ज्याचा कमी त्याला काम देतं. न दिसणाऱ्या सांध्याचे पैसे कोणी मोजत नाही, म्हणून तो सांधा कोणी नीट करत नाही.

मी नकाशा आणि तपशील काढून दिले. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी नऊ बाय सहा इंचांचा काँक्रीटचा पट्टा, त्यात दहा एमएमच्या चार सळया. प्रत्येक प्लेटखाली भिंतीत खाच पाडून चार फूट खाली गेलेली बारा एमएमची सळई, वरचं टोक पट्ट्याच्या सळयांना वळवून बांधलेलं. प्लेटचे चार बोल्ट पट्ट्यात ओतलेले, नंतर ड्रिल मारून बसवलेले नाहीत. हा पट्टा एकटाच अडीच टनांचा होतो आणि खालच्या विटांना सळयांनी सोबत घेतो. धाब्याचं वजन आपण घालवलं, त्यातलं थोडं वजन हवं तिथे परत आणलं, असं आबांना सांगितल्यावर त्यांना पटलं. ओट्यावर पुढे आलेली तीन फुटांची पडवी मुख्य छपरापासून सुटी करायला सांगितली. पुढे काढलेल्या पत्र्याला वरून ओढ आणि खालून धक्का असा दुहेरी मार बसतो, म्हणून ती आधी उचकटते. ती गेलीच तर एकटी जावी, मागच्या छपराला सोबत सोलून नेऊ नये.

करारात तीन गोष्टी घातल्या. पट्ट्याच्या सळया आणि बोल्ट काँक्रीट ओतण्याआधी दाखवायचे. सांगाड्याचं वेल्डिंग पत्रा टाकण्याआधी दाखवायचं. आणि न दाखवता झाकलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने उघडायचं. हप्ते या टप्प्यांना बांधले. माझी फी आबांकडून आणि काम पास असो वा नापास, तेवढीच.

फॅब्रिकेशनवाल्याचं पहिलं म्हणणं होतं, “इंजिनिअर माझ्याकडे आहे ना आबा, तो सही करून देईल, तुमचे पैसे वाचतील.” खर्च वाचत होता म्हणून आबा डळमळले होते. सूनबाईंनी तिथेच विचारलं, “दादा, त्यांनी तुमचं काम नापास केलं तर पुढच्या वेळी तुम्ही त्यांना बोलावाल का?” यावर तो काही बोलला नाही आणि विषय मिटला. स्वतंत्र तपासणीची बाजू मी यापेक्षा नेमकी मांडू शकलो नसतो.

सांगाडा उघडा असताना

पट्ट्याची पाहणी लवकर उरकली. सळया जागेवर होत्या, एका कोपऱ्यात दोन सळया नुसत्या एकमेकींना टेकवल्या होत्या, त्या वळवून दोन फूट चढवून घेतल्या. बोल्ट हलू नयेत म्हणून प्लायवुडचा साचा ठेवायला सांगितला होता, तो आठांपैकी सहा ठिकाणी होता. उरलेल्या दोन ठिकाणी गवंड्याने बोल्ट डोळ्यांच्या अंदाजाने उभे केले होते. साचा लावून घेतो म्हणाला, मी विश्वास ठेवला नाही, समोर लावून घेतला आणि मगच काँक्रीट ओतू दिलं.

अडचण पुढच्या टप्प्यावर आली. सांगाडा उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी पाहणी ठरलेली असताना संध्याकाळी आभाळ भरून आलं. पाऊस येईल, सामान भिजेल म्हणून कारागिरांनी रात्रीतून एका पाखीवर पत्रे टाकून टाकले. सकाळी मी पोचलो तेव्हा एक पाखी उघडी, एक झाकलेली.

उघडी पाखी आधी पाहिली. आडवे पाईप कैचीवर जिथे बसतात तिथे दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीचं वेल्डिंग मागितलं होतं. प्रत्यक्षात दोन-दोन टाके मारलेले होते. टाका म्हणजे पाईप जागेवर धरायला मारलेला वेल्डिंगचा ठिपका. नंतर पूर्ण वेल्डिंग करायचं असतं, ते घाईत राहून जातं. वरून काळा रंग मारला की ठिपका आणि पूर्ण वेल्डिंग यांतला फरक जमिनीवरून कळत नाही. मी शिडीवर चढून एका सांध्यावर हातोडीने मध्यम ठोका दिला. टाका कडकन तुटला आणि पाईप जागेवर फिरला. तो आवाज खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर मला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

तरीही झाकलेली पाखी उघडायला फॅब्रिकेशनवाला तयार होईना. “इकडे राहिलं असेल, तिकडे केलंय साहेब, माझी जबान.” मला त्याच्या शब्दावर शंका घ्यायची नव्हती, पण माझ्या अहवालात ‘पाहिलं’ असं लिहायचं तर पाहायलाच हवं. आबांवरही दडपण आलं होतं. माणूस त्यांच्या ओळखीतला, लग्नाकार्यात भेटणारा. बराच वेळ ओट्यावर बसणं झालं, चहा झाला. शेवटी कराराचं तिसरं कलम मुलाने फोनवरून वाचून दाखवलं आणि तीन ओळींतले पत्रे काढायचं ठरलं. तिथेही टाकेच निघाले. मग ती सगळी पाखी उघडली.

त्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती एरवी कधीच दिसली नसती. शेवटच्या कैचीची प्लेट बोल्टांवर बसत नव्हती, कारण प्लेटला भोकं पाडताना माप चुकलं होतं. कारागिराने प्लेट सरकवली, दोन बोल्टांत अडकवली आणि उरलेले दोन बोल्ट ग्राइंडरने कापून वर रंग मारला. चार बोल्टांची प्लेट दोनांवर आणि तीही कोपऱ्यातली, जिथे ओढ सगळ्यात जास्त. नवी, मोठी प्लेट करून ती शेजारच्या सळईशी वेल्ड करून घेतली. त्या दुरुस्तीचे वेगळे फोटो काढून फायलीत लावले.

त्या माणसाबद्दल एवढं नोंदवलंच पाहिजे, की एकदा सांध्याचा हिशोब समजल्यावर त्याने पुन्हा टाळाटाळ केली नाही. सगळे सांधे पुरे केले, वेल्डिंगमुळे जळालेल्या जागांना रेड ऑक्साईड मारला आणि रंग देण्याआधी स्वतःहून फोन केला.

फ्लोरिडातला खिळा, चोपड्यातला स्क्रू

पत्रे बसत असताना मी हॉलमध्ये खाली उभा राहून वर पाहतो. आडव्या पाईपाच्या शेजारी, हवेत लोंबणारं स्क्रूचं टोक दिसलं की समजायचं, तो स्क्रू पाईपाला चुकला आहे. वरून तो अगदी व्यवस्थित दिसतो: वॉशर बसलेला, डोकं ओळीत. या घरात कडेच्या एका रांगेत लागोपाठचे स्क्रू असे हवेत होते, कारण दोरी न धरता नजरेने रांग मारली होती.

ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू हे हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं चक्रीवादळ, अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामीच्या दक्षिणेला धडकलं, त्यानंतरच्या पाहण्यांत नेमकं असंच काही सापडलं होतं. तिथली छपरं वेगळी: लाकडी कैच्यांवर प्लायवुडचे तक्ते, त्यांवर डांबरी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवलेल्या चकत्या. तक्ते उडालेल्या घरांत खिळे कैचीला चुकून शेजारी ठोकलेले निघाले, कुठे खिळ्यांऐवजी स्टेपल मारलेले निघाले. शिंगल पडल्यावर ते कोणालाच दिसलं नव्हतं. त्या वादळानंतर फ्लोरिडाने नियम कडक केले आणि 2002 पासून साऱ्या राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. पुढे ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ या योजनेत आधी घराची मोफत तपासणी, मग छप्पर-खिडक्या मजबूत करायला अनुदान, असा क्रम ठेवला.

मला जास्त उपयोगी वाटते ती अलाबामा राज्याची पद्धत. तिथे ‘फोर्टिफाईड’ नावाच्या मानकाप्रमाणे छप्पर बदलायला घरमालकाला दहा हजार डॉलरपर्यंत मदत मिळते. हे मानक विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेचं. तिच्या साउथ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत 105 पंख्यांच्या भिंतीसमोर अख्खं घर उभं करून उडवून पाहतात. या योजनेत छप्पर घालणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो. खिळे कोणते, किती अंतरावर, तक्त्यांच्या फटी सीलबंद केल्या का, याचे फोटो झाकण्याआधी काढावे लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावरच अनुदानाचे पैसे ठेकेदाराला जातात, आणि ते प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं.

तिथल्या खिळ्यांची मापं आपल्याला लागू नाहीत. हरिकेन तासन्‌तास चालतं आणि वादळाचा मधला डोळा सरकेल तशी वाऱ्याची दिशा फिरते. आपल्याकडचं वळवाचं वादळ ढगातून एकदम खाली कोसळणाऱ्या थंड हवेचं असतं आणि मिनिटांत संपतं. पण पाहणी कधी करायची, कोणी करायची आणि पैसे कशावर अडवायचे, हा क्रम जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. तशी आपल्याला ही पद्धत अनोळखी नाही. घरकुलाचे हप्ते टप्प्याटप्प्याने, जिओ टॅग केलेल्या, म्हणजे जागेची नोंद असलेल्या फोटोंवर सुटतात. त्या फोटोत भिंत कुठपर्यंत आली ते दिसतं. छप्पर भिंतीला कशाने धरलं आहे, हेही त्याच मोबाईलवर टिपता येईल. घरकुलाच्या छपरावर पत्रे टाकण्याआधीचा सांध्याचा एक फोटो सक्तीचा केला, तर खेड्यातली किती घरं वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

या घरातली चुकलेली रांग काढून दोरी धरून नव्याने मारली. जुनी भोकं नुसती सिलिकॉनने न बुजवता तिथे मोठ्या वॉशरचे स्क्रू मारले. कडेच्या आणि माथ्याच्या रांगांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या रांगांना एकाआड एक. प्रत्येक वॉशर मी बोटाने फिरवून पाहतो. फिरला तर स्क्रू सैल आहे. रबर कडेने बाहेर फुगून आलं असेल तर मशीन जास्त दाबलं गेलं आहे, आणि असा स्क्रू दोन उन्हाळ्यांत गळायला लागतो. आपल्या उन्हाचा यात वाटा आहे. दुपारी तापलेला आणि पहाटे निवलेला वीस फुटी पत्रा रोज तीन-साडेतीन मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. स्क्रूभोवतीचं भोक त्याने हळूहळू मोठं होतं, साधं रबर तडकतं, आणि एका मे महिन्यात पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटतो. म्हणून वॉशर ईपीडीएमचेच, म्हणजे उन्हात टिकणाऱ्या रबराचेच हवेत आणि दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वादळांचा हंगाम तापण्याआधी, एकदा शिडी लावून ते बोटाने पाहायला हवेत. हे काम इंजिनिअरचं नाही, घरच्या माणसाचं. सूनबाईंनी ते शिकून घेतलं.

खर्च

छपराचा मूळ अंदाज एक लाख चाळीस हजारांच्या आसपास होता. पट्टा, सळया, बोल्ट, जास्तीचे स्क्रू आणि वेल्डिंग धरून तो साधारण पंचवीस हजारांनी वाढला. माझी फी नऊ हजार. पाखी उघडून पुन्हा बसवण्याची मजुरी करारानुसार फॅब्रिकेशनवाल्याने सोसली, पण दोन पत्रे काढताना वाकले, त्यांचे पैसे आबांनी दिले. मला ते योग्य वाटलं नाही, आबांना ओळख टिकवायची होती.

फी जास्त झाली असं गावात काहींचं म्हणणं आहे. छप्पर उडाल्यावर तलाठ्याने पंचनामा केला होता. 2022 ते 2026 च्या आपत्ती निकषांप्रमाणे अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये ठरलेले होते, कच्च्याला 4,000. तेवढ्यात पत्र्यांची एक रांगही येत नाही. छपराबरोबर हॉलमधलं धान्य भिजलं होतं, टीव्ही गेला होता, आणि उडालेल्या सांगाड्याने शेजाऱ्याची केळीची झाडं मोडली, ती भरून द्यावी लागली, ते वेगळंच.

ही फी प्रत्येकाला परवडणार नाही, हे मला मान्य आहे. एका आळीत चार-पाच छपरं एकाच उन्हाळ्यात व्हायची असतील तर सगळ्यांनी मिळून एक तपासणीस बोलवावा, एका फेरीत चार सांगाडे पाहून होतात. तेही जमत नसेल तर निदान करारात ‘झाकण्याआधी दाखवायचं’ एवढी ओळ घालावी आणि सांगाडा उघडा असताना स्वतः शिडीवर चढून प्रत्येक प्लेटचे बोल्ट मोजावेत, प्रत्येक सांध्याचा मोबाईलवर फोटो काढावा. बोल्ट मोजायला शिक्षण लागत नाही.

काय राहिलं

काम पूर्ण झाल्याचा अहवाल दिला तेव्हा त्यात दोन गोष्टी मी ‘अपुऱ्या’ म्हणून लिहिल्या. अंगणाकडचं दुहेरी दार जुनं आहे, त्याचा अडसर एकाच बिजागरीवर तोललेला आहे. वादळात ते दार फुटलं तर आतला दाब 0.2 वरून 0.7 वर जातो आणि सगळा हिशोब बदलतो. नवा लोखंडी अडसर आबांनी सुताराला सांगून ठेवला आहे. तोवर आभाळ भरून आलं की आधी ते दार लावायचं, मग वाळत घातलेले कपडे काढायचे, असं घरात ठरलं आहे.

दुसरी गोष्ट आबांच्या हातात नाही. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून त्यांच्या चुलत भावाचा गोठा आहे. त्यावर सुटे पत्रे, तारेने बांधलेले आणि वर गोटे. वळवाचा वारा त्या बाजूने आला तर ते पत्रे सरळ या हॉलवर येतील, आणि उडून आलेल्या पत्र्याच्या धारेसमोर 0.5 एमएमचा पत्रा टिकत नाही. भावाला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांनी आधी हसून सोडून दिलं, मग मोडलेल्या टाक्याची गोष्ट कारागिरांकडून ऐकल्यावर स्वतः फाईल पाहायला आले. गोठ्याला पट्ट्याची गरज नाही. खांब जमिनीत काँक्रीटमध्ये पुरून घेतले, आडवे पाईप खांबांना पुरे वेल्ड केले आणि पत्र्यांना इंग्रजी ‘J’ आकाराचे बोल्ट लावले तरी काम भागतं. केळीच्या कटाईचे पैसे आले की करायचं, असं त्यांनी सांगितलं आहे. फॅब्रिकेशनवाला तोच येणार आहे. वेल्डिंग पत्र्याआधी दाखवायची अट त्याने या वेळी स्वतःच अंदाजपत्रकात लिहून आणली, त्यासोबत दरही चौरस फुटाला बारा रुपयांनी वाढवून. तो वाढीव दर द्यावा, असंच मी भावांना सांगितलं आहे.